डिम लाइटच्या गावात पेडलबोर्ड शांत करणे: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

पेडलबोर्ड म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्या मधे लावलेली, आवाज बदलणारी पेडलं. हा बोर्ड ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गायन पार्टीचा. भीमगीतं, लग्नाघरचे कार्यक्रम, मंडईच्या दिवसांत झाडीपट्टी नाटकाआधीची गाणी, असं सगळं त्यावर चालतं. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडणारी चुंबकी कॉइल). पेडल या क्रमाने: कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह (ट्यूब स्क्रीमर पद्धतीचा, आत ४५५८ आयसी), डिस्टॉर्शन, कोरस, डिजिटल डिले. सरावाला १५ वॉटचा ॲम्प, कार्यक्रमात थेट मिक्सर. पाचही पेडलांना मिळून ९ व्होल्ट, २ अँपिअरचा एकच स्वस्त अडॅप्टर आणि त्यातून निघणारी पाच पिनांची माळ.

तक्रार एवढीच सांगितली गेली: "आवाज येतो." यावरून दुरुस्ती होत नाही. आधी आवाज वेगवेगळे करावे लागतात. खोल, गोल गुणगुण असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे बहुधा चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थचं वेटोळं (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने बनणारं). धारदार भणभण असेल तर १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी, म्हणजे रेक्टिफायर, डिमर, इन्व्हर्टर. बारीक शिट्टी किंवा चिरचिर डिजिटल पेडलातून किंवा स्विचिंग अडॅप्टरमधून येते. फसफस म्हणजे गेनचा हिस. या बोर्डात चारही होते.

मोजायची सोय साधी ठेवली. ॲम्पच्या हेडफोन जॅकमधून लॅपटॉपच्या माइकमध्ये, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा मिनिट रेकॉर्ड, मग प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती आवाज त्याचा आलेख. त्यात साइज १६३८४ ठेवला की ५० आणि १००चे सुळके वेगळे दिसतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवायचा, नाहीतर आपण चार्जरचीच गुणगुण मोजत बसतो. सगळ्या नॉबांवर मार्करने खुणा केल्या. खुणा नसतील तर आधीच्या आणि नंतरच्या रेकॉर्डिंगची तुलना करण्यात अर्थ नाही. कोणीतरी गेन थोडा कमी करतो आणि काम झालं असं वाटतं.

१४ जानेवारी

एक जॅक घेऊन त्याची टिप (सिग्नलचं टोक) आणि स्लीव्ह (ग्राउंडचा भाग) आतून कथिलाने जोडून टाकली. हा मुका जॅक गिटारीऐवजी पहिल्या पेडलात लावला की गिटार आणि तिची केबल हिशेबातून बाहेर पडते. मग प्रत्येक पेडल एकेकटं, नऊ व्होल्टच्या चौकोनी ६एफ२२ बॅटरीवर.

बॅटरीवर कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह आणि कोरस गप्प. डिस्टॉर्शनमध्ये गेन पूर्ण केल्यावर फसफस, ती त्याच्या जातीचीच. डिले बॅटरीवर पाच मिनिटं तपासायला पुरतो, त्याहून जास्त नाही. मागच्या पट्टीवर ६५ मिलिअँपिअर लिहिलेले आहेत. तोही शांत. म्हणजे पेडलांचा दोष जवळजवळ नाहीच. ही चाचणी कुठलंही पेडल उघडण्याआधी करावी. पेडल खोलून आयसी बदलत बसणारे लोक बरेच वेळा अडॅप्टरचा आजार पेडलात शोधत असतात.

अडॅप्टर लावला की शिट्टी आणि भणभण दोन्ही परत. माळेतून डिलेची पिन काढली की शिट्टी जाते, भणभण राहते. त्यामुळे शिट्टी डिलेची आणि भणभण अडॅप्टरची असं ठरलं.

अडॅप्टर बदलून बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. घरात पडलेला वायफाय राउटरचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असला, पिन बसली, तरी त्याच्या पिनेच्या आत बहुधा प्लस असतो आणि बहुतेक गिटार पेडलांना आत मायनस लागतो. उलटा लावला तर नशीब चांगलं असेल तर फक्त आतला संरक्षक डायोड जळतो. लावण्याआधी मल्टिमीटरने पाहावं.

१८ जानेवारी

सगळ्यात स्वस्त उपाय आधी. प्रत्येक ॲनालॉग पेडलाच्या वीज-वायरीत प्लसवर १०० ओहमचा रेझिस्टन्स, त्यानंतर प्लस-मायनसमध्ये १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कंडेन्सर. याची कटऑफ, म्हणजे जिच्या वरचं गाळलं जातं ती फ्रिक्वेन्सी, सुमारे १६ हर्ट्झ येते, म्हणजे १०० हर्ट्झची भणभण सहा पटींनी आणि १ किलोहर्ट्झची शिट्टी साठेक पटींनी कमी व्हायला हवी. रेझिस्टन्सवर पडणारे व्होल्ट कमी खाणाऱ्या पेडलाला सोसतात: १० मिलिअँपिअरला १ व्होल्ट. डिलेला हे लावायचं नाही, ६५ मिलिअँपिअरला साडेसहा व्होल्ट तिथेच संपतात आणि पेडल सुरूच होत नाही.

भणभण बरीच उतरली. शिट्टी मात्र कमी झाली, पण गेली नाही, आणि हिशेबाच्या जवळपासही उतरली नाही. कारण शिट्टी प्लसच्या वायरीतून येतच नव्हती. डिले झटक्या-झटक्याने करंट ओढतो; तो करंट माळेच्या बारीक मायनस वायरीतून परत जाताना तिच्यावर थोडे मिलिव्होल्ट पडतात. हीच मायनस वायर बाकी पेडलांची ग्राउंड आहे, आणि पॅच केबलच्या शिल्डमधून तेच ग्राउंड पुन्हा एकदा जोडलेलं आहे. म्हणजे डिलेचा कचरा ऑडिओच्या ग्राउंडमध्येच मिसळतो. प्लसवर कितीही गाळणं लावा, मायनसमधून आलेलं गाळलं जात नाही.

माळेवर फिल्टर लावून समाधान न झालेल्यांनी इथेच थांबून डिलेची वीज वेगळी करावी. दुसरा फिल्टर, मोठा कंडेन्सर, फेराइटचा मणी यात वेळ जातो आणि शिट्टी तिथेच राहते.

२५ जानेवारी

दोन वेगळे पुरवठे बनवायचे ठरवले: एक ट्रान्सफॉर्मर चार ॲनालॉग पेडलांना (मिळून सुमारे ४५ मिलिअँपिअर), दुसरा फक्त डिलेला. प्रत्येक पेडलाला स्वतंत्र वाइंडिंग देणारा तयार पुरवठा उत्तम असतो, पण त्याची किंमत या बोर्डावरच्या दोन पेडलांइतकी होते. पाचात एकच डिजिटल असेल तर दोन भाग पुरतात.

सामान नागपूरहून, बर्डीवरून: १२ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचे दोन ट्रान्सफॉर्मर ३२० रुपये, ७८०९ रेग्युलेटर (व्होल्ट ९वर स्थिर ठेवणारा), १एन४००७ डायोड, कंडेन्सर, व्हेरो बोर्ड, फ्यूज होल्डर मिळून १९० रुपये, पत्र्याचा डबा २५० रुपये. रचना नेहमीचीच: ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज (एसीचं डीसी करणारा), ४७० मायक्रोफॅरड, ७८०९, त्याच्या दोन्ही बाजूंना पायांजवळच ०.१ मायक्रोफॅरड, शेवटी १०० मायक्रोफॅरड. प्रायमरीला २५० मिलिअँपिअरचा फ्यूज. डब्याला अर्थ.

पहिल्या जोडणीत जुन्या अडॅप्टरपेक्षाही कडक भणभण आली. कारण व्हेरो बोर्डवर सापडलं. आउटपुटची मायनस वायर ब्रिजच्या मायनस टोकावरून घेतली होती आणि कंडेन्सर त्याच पट्टीवर पुढे होता. ब्रिजपासून कंडेन्सरपर्यंतच्या त्या इंचभर तांब्यातून चार्जिंगचे मोठे ठोके जातात, सेकंदाला शंभर. तिथून ग्राउंड घेतलं की ते ठोके सरळ पेडलात. वायर उपटून कंडेन्सरच्या मायनस पायावर लावली, रेग्युलेटरचा मधला पायही तिथेच आणला, आणि भणभण बंद. ब्रिजची वायर कंडेन्सरवर संपली पाहिजे. बाकी सगळं कंडेन्सरपासून सुरू झालं पाहिजे.

दुपारी मुक्या जॅकसह सगळी साखळी चालवली. शिट्टी पूर्ण गेली. स्पेक्ट्रममध्ये फक्त हिस.

ट्रान्सफॉर्मरचा डबा बोर्डावर बसवायचा नाही. बोर्डाखाली ठेवला तर जवळच्या पेडलात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते, आणि वाहवाह पेडल असेल तर त्याच्या आतली कॉइल ती सगळ्यात आधी पकडते. डबा मीटरभर लांब, बोर्डाकडे फक्त डीसीच्या वायरी.

३० जानेवारी

गावातून निरोप: दिवसा एकदम शांत, संध्याकाळी सातनंतर पुन्हा भणभण.

हा या कामातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष, आणि शहरात बसून तो दिसणारच नाही. पुरवठा परत आणून बाकावर तपासला तर निर्दोष. कंडेन्सर बदलले, रेग्युलेटर बदलले, काही फरक नाही. दोष नव्हताच, तर सापडणार काय. शेवटी गावातल्या वायरमनने उलगडा केला: "भाऊ, दिवसा काय मोजता, रात्री मोजा. पंप चालू झाले की इथं टीव्ही पण लागत नाही."

रात्री आठला सॉकेटमध्ये मोजलं: १४२ व्होल्ट. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले होते आणि खोलीची लाइन डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर. दिवसा २२८ व्होल्टला कंडेन्सरवर १७.५ व्होल्ट डीसी मिळत होते, १४२ला फक्त १०.३. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. ४७० मायक्रोफॅरडवर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, धरला तर तळ पावणेदहाच्या आसपास. ७८०९ला ९ व्होल्ट देण्यासाठी आत साधारण ११ लागतात. त्याखाली तो रेग्युलेट करणं सोडतो आणि रिपल जसाच्या तसा बाहेर जाऊ देतो, शंभर हर्ट्झसह. पेडल चालू राहतं, दिवा लागलेला असतो, म्हणून कोणाला पुरवठ्याचा संशय येत नाही.

कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरड करून पाहिला. रिपल घटला, भणभण थोडी कमी झाली, पण शिखरच पावणेअकराच्या घरात असताना तळ कितीही वर आणा, ११ होत नाहीत. कमी ड्रॉपचा एलएम२९४० रेग्युलेटर इथे उपयोगी पडला असता, मात्र तो हाताशी मिळाला नाही आणि अशा फरकावर तोही काठावरच चालला असता. रिलेवाला स्टेबिलायझर लावला तर व्होल्ट सुधारतात, पण गाणं चालू असताना त्याचा रिले पडला की ॲम्पमध्ये टक्क असा आवाज होतो. तो सल्ला इथे बाद.

५ फेब्रुवारी

१५ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर, ३८० रुपये. १२चे दोन्ही पडून. ज्या गावात संध्याकाळी दिवे पिवळे पडतात तिथे ९ व्होल्टच्या पुरवठ्याला १२चा ट्रान्सफॉर्मर घेऊच नये, सर्किटच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

मात्र १५ लावला की दुसरं टोक सांभाळावं लागतं. मध्यरात्री पंप बंद झाले की याच सॉकेटमध्ये २५० च्या वर व्होल्ट येतात. २५५ला आणि इतक्या कमी लोडला कंडेन्सरवर २५ व्होल्टच्या पुढे जातं, म्हणून २५ व्होल्टचे कंडेन्सर काढून ३५चे लावले. ७८०९ची मर्यादाही ३५ आहे, ती सुरक्षित. उष्णता: डिलेच्या बाजूला सव्वीस वजा नऊ, गुणिले ६५ मिलिअँपिअर, म्हणजे एक वॉटच्या थोडं वर. थंडीत हे चालेल. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंशांना उष्णता सोडायला पत्रा नसलेला रेग्युलेटर फार तापतो. म्हणून दोन्ही रेग्युलेटर डब्याच्या पत्र्याला स्क्रूने आवळले.

आवळले आणि हलकी गुणगुण सुरू. ७८०९ची धातूची पाठ त्याच्या मधल्या पायाला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असते. डब्याला अर्थ आहे, दोन्ही रेग्युलेटरांच्या पाठी डब्याला. मग जे दोन पुरवठे वेगळे करायला एवढा खटाटोप केला ते डब्यातून पुन्हा एकत्र झाले, वर अर्थचं वेटोळंही तयार. अभ्रकाची चकती, प्लास्टिकचा बुश, पांढरी थर्मल पेस्ट लावून पुन्हा बसवले. नंतर मल्टिमीटरच्या बीपवर तपासलं: पाठ आणि डबा यांच्यात बीप नको. एलएम३१७ वापरणाऱ्यांनी तर हे विसरूच नये, त्याची पाठ आउटपुटला असते. अर्थ केलेल्या डब्याला टेकली आणि मायनसही पॅच केबलमार्गे अर्थला पोचलेला असला की सरळ शॉर्ट.

रात्री आठला १४० व्होल्टवर चालवून पाहिलं. कंडेन्सरवर तेरा-साडेतेरा, आउटपुट ८.९८, भणभण नाही.

१६ फेब्रुवारी

पुरवठा शांत झाल्यावर मुका जॅक काढून गिटार लावली. आता जे ऐकू येतं ते गिटारीचं: तारांना हात लावला की भणभण कमी, सोडला की जास्त. याचा अर्थ तारांचं ग्राउंड जोडलेलं आहे, पण आतल्या वायरी उघड्या आहेत आणि हवेतून पकडत आहेत. हात लावल्यावर आवाज वाढला असता तर जॅकच्या वायरी उलट्या असण्याची शक्यता आधी तपासली असती.

तांब्याची चिकटपट्टी, ५० मिलिमीटर रुंद, २८० रुपयांत एक गुंडाळी. पिकअपच्या आणि नॉबच्या खोबणीत पूर्ण अस्तर, पिकगार्डच्या मागच्या बाजूलाही. पट्टीवर "कंडक्टिव्ह" छापलेलं होतं. मीटर लावला तर एका पट्टीवर चिकटवलेल्या दुसऱ्या पट्टीत कधी बीप, कधी नाही. या पट्ट्यांच्या डिंकावर भरवसा ठेवू नये. प्रत्येक जोडावर बोटभर अंतराने कथिलाचा ठिपका द्यावा, सोल्डरिंग आयर्न पटकन टेकवून उचलावी, नाहीतर खालचा पॉलिश फुगतो. अस्तराची कड खोबणीच्या काठावर थोडी वर वळवली की पिकगार्डची पट्टी तिला टेकते आणि पेटी बंद होते. अस्तराला ग्राउंड एकाच वायरीने, व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवरून. हॉट, म्हणजे सिग्नलच्या, वायरीचं उघडं टोक अस्तराला टेकत नाही ना, हे पिकगार्ड आवळण्याआधी बघावं. टेकलं तर गिटार पूर्ण मुकी होते आणि अकरा स्क्रू पुन्हा खोलावे लागतात.

भणभण लक्षणीय उतरली. ५० हर्ट्झचा सुळका मात्र जागचा हलला नाही. हलणारही नव्हता: तांबं विद्युत क्षेत्र अडवतं, ट्रान्सफॉर्मर आणि मोटारीचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. सिंगल कॉइलला त्यावर इलाज दिशा. ॲम्पपासून दोन पावलं मागे, गिटार थोडी वळवून धरली की एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. या गिटारीत मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा निघाला, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण आपोआप कटते. कार्यक्रमात स्वच्छ आवाजाची गाणी त्या दोन जागांवर वाजवायची असं ठरलं.

२२ फेब्रुवारी

तारांना हात लावला तर हलकी झिणझिण, आणि मिक्सरच्या पत्र्यावरही. ॲम्पच्या पत्र्यापासून न्यूट्रलपर्यंत ९० व्होल्ट. हे स्विचिंग पुरवठा असलेल्या वस्तूंचं नेहमीचं लक्षण आहे: आतल्या गाळणीचे कंडेन्सर अर्थकडे थोडा करंट सोडतात, आणि अर्थ नसेल तर पत्रा अधांतरी राहतो. सॉकेटचं मोठं भोक रिकामं निघालं. प्लेट उघडली तर हिरवी वायर होती, गुंडाळून मागे कोंबलेली.

वायरमनने ती घराच्या अर्थिंगला जोडली. पत्रा शून्यावर, गिटारची उरलेली बहुतेक भणभण गेली. तांब्याचं अस्तर अर्थ नसताना अर्धंच काम करत होतं. एवढं बघून काम मिटवता आलं असतं. पण अर्थिंग कसं आहे हे मोजलं ते बरं झालं.

पद्धत अशी, आणि ती वायरमननेच करावी: आधी फेज ते अर्थ व्होल्ट मोजायचे, मग त्याच दोन टोकांत १०० वॉटचा साधा बल्ब लावून पुन्हा मोजायचे. २१४ वरून १९२ झाले. बल्ब ०.३६ अँपिअर घेतो, पडलेले व्होल्ट २२, म्हणजे अर्थ साधारण ६० ओहम. या मोजणीत घरातल्या कुठल्याही पत्र्याला हात लावायचा नाही, कारण अर्थ खराब असेल तर बल्बमधून सगळ्या पत्र्यांवर व्होल्ट येतात. "बल्ब पूर्ण पेटला, अर्थ ठीक" हे गावोगाव चालतं. बल्ब तर इथेही लखलखीत पेटला होता. भणभण जायला ६० ओहम पुरतात. जीव वाचवायला पुरत नाहीत: पत्र्यावर फेज आला तर चारेक अँपिअरच वाहतील, आणि त्यावर साधा एमसीबी पडणार नाही.

खड्डा काळ्या मातीत होता, वरून भेगा पडलेला, आत जेमतेम हातभर सळई. नवीन खड्डा: ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप अडीच मीटर, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी घालायला नळकांडं. मजुरीसह सुमारे १८०० रुपये, घरमालकाच्या खात्यात. बोर्डाच्या हिशेबात धरलेले नाहीत. नवीन वाचन १५ ओहमच्या आसपास. हे पाण्यावर अवलंबून आहे, एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा घागरभर पाणी घालायला सांगितलं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच. तो बसवल्यावर बल्बची चाचणी करता येत नाही, लगेच पडतो.

आवाज कमी करायला प्लगची अर्थ पिन कापणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं हा "उपाय" अजूनही सांगितला जातो. तो या नोंदींत कुठेच नाही.

१ मार्च

किरकोळ कामं. पॅच केबल: साच्यातल्या स्वस्त केबलींपैकी दोनमध्ये शिल्डचे चारच धागे पिनेला पोचलेले. शिल्डेड माइक वायर आणि धातूचे जॅक आणून सहा नव्या केल्या, ४२० रुपये. बोर्डाखाली वीज एका कडेने, ऑडिओ दुसऱ्या कडेने, ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबला की ठप्प आवाज. ट्रू बायपास आहे, म्हणजे बंद असताना सिग्नल पेडलाच्या सर्किटला वगळून सरळ जातो. आउटपुटच्या कंडेन्सरला डिस्चार्ज व्हायला वाट नव्हती. इनपुट आणि आउटपुटवर ग्राउंडला १ मेगओहमचा एकेक रेझिस्टन्स. दोन रुपयांचं काम, ठप्प गेलं.

पार्टीतल्या दुसऱ्या गिटारवाल्याचं स्थानिक बनावटीचं पेडल आलं, त्यात किर्र शिट्टी, बॅटरीवरही. आत ७६६० आयसी, व्होल्ट वाढवायला. याचं घड्याळ १० किलोहर्ट्झचं, पंप त्याच्या निम्म्याने म्हणजे ५ किलोहर्ट्झने चालतो, बरोबर कानात बसणारा सूर. टीसी१०४४एस बसवून पाय १ आणि ८ जोडले की घड्याळ ४५ किलोहर्ट्झच्या आसपास जातं, शिट्टी कानाच्या पलीकडे.

फसफशीसाठी ४५५८च्या जागी टीएल०७२ बसवून ऐकलं. फरक कानाला कळला नाही, परत काढला. गिटारीचा सिग्नल आणि मोठे रेझिस्टन्स यांचाच हिस इतका असतो की आयसी बदलण्यातून फारसं हाती लागत नाही. गेन दोनच्या खुणेवरून दीडवर आणि कॉम्प्रेसरचा सस्टेन मध्यावर आणल्याने जास्त फरक पडला. कॉम्प्रेसर शांत जागा वर ओढतो, मग पुढचं डिस्टॉर्शन तीच फसफस पुन्हा फुगवतं.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं पेडल) उसना आणून पाहिला, डिस्टॉर्शननंतर आणि डिलेच्या आधी. वाजवत नसताना शांत, पण लांबवलेला सूर शेवटी कापला जातो. या गाण्यांत गिटार मोठ्या प्रमाणात लांब सुरांवर चालते. घेतला नाही.

१५ एप्रिल

कालचा कार्यक्रम जनरेटरवर. मांडवात बोर्ड ॲम्पला आणि मिक्सरला एकाच वेळी जोडला तेव्हा गुणगुण. मिक्सरची वायर काढली की शांत. दोन प्लग, दोन अर्थ, मधे केबलचं शिल्ड. जुन्या मोडेममधून काढलेला ६००:६०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर याचसाठी डबीत बसवून ठेवला होता: आत-बाहेर जॅक, मिक्सरच्या बाजूचा जॅक प्लास्टिकच्या चकतीवर, म्हणजे दोन्हींची ग्राउंड जोडली जात नाही. लावला, गुणगुण गेली. मोडेमचा ट्रान्सफॉर्मर बोलण्यासाठीचा असल्याने खालचा सूर थोडा पातळ होतो. गिटारीला चालतं, बेसला लावू नये.

रंगीत दिव्यांचा डिमर सुरू झाल्यावर पुन्हा धारदार भणभण. बोर्डाचा प्लग दिव्यांच्या एक्स्टेन्शनवर होता, तो साउंडच्या बोर्डावर हलवला आणि केबल डिमरच्या पेटीपासून दूर नेली. तेवढ्याने भागलं.

एक आवाज उरला: कोणी साधा फोन बोर्डाजवळ ठेवला की रिंग येण्याआधीची टर्र-टर्र. पहिल्या पेडलाच्या इनपुट जॅकवर टिप ते ग्राउंड १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर लावायचा आहे, पाय जितके आखूड कापता येतील तितके आखूड. तोवर फोन खिशात आणि खिसा बोर्डापासून लांब.

बोर्डाचा खर्च, पडून राहिलेल्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरांसह, १९०० रुपयांच्या आत. ते दोन ट्रान्सफॉर्मर ज्यांच्याकडे संध्याकाळीही २२० येतात त्यांना अजून उपयोगी आहेत.